नाना कुठे आहेत, या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं?

पत्र थोडक्यात असं आहे (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

"माझी मुलगी ८ वर्षांची आहे. वर्षभरापासून ती अरबी शिकायला मकतबला जाते. पाच महिन्यांपूर्वी माझे अब्बा, म्हणजे तिचे नाना, वारले. अब्बा माणूस म्हणून फार चांगले, पण नमाजी नव्हते, ईदला आणि कधीमधी जुम्म्याला जायचे तेवढंच. रोज सकाळी गेटबाहेर कुत्र्यांसाठी पाण्याचं भांडं भरून ठेवायचे, त्यावरून अम्मीची बोलणी खायचे. मय्यतीच्या दिवशी नात्यातल्या एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या की बेनमाजी माणसाला कबरीत जो अजाब (यातना) होतो तो अल्लाह दुश्मनालाही दाखवू नये. मुलगी तिथेच बसलेली. आता मकतबमध्ये आपा (शिकवणाऱ्या ताई) जहन्नम (नरक) शिकवतायत, सात दरवाजे, साप, विंचू, पुलसिरात (जहन्नमवरून जन्नतकडे, म्हणजे स्वर्गाकडे, जाणारा पूल) केसाहून बारीक आणि तलवारीहून धारदार. मुलगी रात्री दचकून उठते. हॉलमधल्या फरशीच्या सांध्यावरून हात पसरून चालत होती, विचारलं तर म्हणाली पुलसिरातची प्रॅक्टिस करतेय. एका वहीत दोन रकाने आखून रोजचे गुनाह (पाप) आणि सवाब (पुण्य) लिहिते. आणि मागच्या आठवड्यात शाळेतल्या जिवलग मैत्रिणीला सांगून आली की तू मुसलमान नाहीस म्हणून तू जहन्नममध्ये जाणार. तिच्या आईचा फोन आला तेव्हा मला कुठे तोंड लपवू असं झालं. नवरा म्हणतो आम्हीही असंच शिकलो, भीती हवीच. मकतब बंद करू का? नाना जन्नतमध्ये आहेत असं खोटं सांगून टाकू का? आणि खरं सांगू, माझाच विश्वास डळमळलाय. जन्नत म्हणजे लालूच आणि जहन्नम म्हणजे छडी, असंच वाटायला लागलंय."

ताई,

तुम्ही पत्र हाताने लिहून त्याचे फोटो पाठवलेत आणि तिसऱ्या पानावर एक ओळ खोडलेली आहे. खोडलीय पण वाचता येते. "अब्बांना खरंच त्रास होत असेल का." ती मी वरच्या सारांशात घेतली नाही, पण उत्तर तिथूनच सुरू करते, कारण मला वाटतं की मुलगी रात्री दचकून उठते तेव्हा तुम्ही आधीच जाग्या असता.

त्या नात्यातल्या बाईंचं आधी बघू. त्यांनी जे म्हटलं ते दीनदार (धार्मिक) आवाजात म्हटलं म्हणून कोणी त्यांना अडवलं नाही, आपल्याकडे हे नेहमीचंच, आवाज दीनदार असला की बाकीचे माना खाली घालतात आणि ज्याचं माणूस गेलंय त्याला वाटतं हेच दीनचं, म्हणजे धर्माचं, म्हणणं असणार. तर सहीह मुस्लिम या संग्रहात एक छोटीशी हदीस आहे (हदीस म्हणजे नबी, पैगंबर मुहम्मद, यांच्या बोलण्या-वागण्याची नोंद). एक माणूस म्हणाला, अल्लाहची कसम, अल्लाह अमक्याला माफ करणार नाही. त्यावर अल्लाह म्हणाला, मी अमक्याला माफ करणार नाही अशी माझ्याबद्दल कसम खाणारा हा कोण? त्याला मी माफ केलं आणि तुझे आमाल (केलेली कर्मं) वाया घालवले. बस एवढीच. अबू दाऊद या दुसऱ्या हदीससंग्रहात हीच गोष्ट लांबवून आहे, बनी इस्राईलचे दोन जण, एक गुनाहगार आणि दुसरा इबादत करणारा, हा दुसरा त्याला सारखा टोकत राहतो आणि एक दिवस चिडून बोलून जातो की तुला अल्लाह जन्नतमध्ये घेणारच नाही. दोघं मरतात, आणि फैसला बरोबर उलटा होतो. मी लहान असताना पुलसिरात दहा वेळा ऐकला असेल, ही हदीस एकदाही ऐकली नाही. मोठेपणी कधीतरी हाती लागली, तोवर माझं जे घाबरायचं ते घाबरून झालं होतं.

म्हणजे काय, तर कोणी मेल्यावर तो कुठे गेला हे सांगणं दीनदारी नाही, उलट ज्या गोष्टी करताना जीभ चावावी असं दीनच सांगतो त्यातली ती एक आहे.

आणि हे दोन्ही बाजूंनी लागू आहे, म्हणून तुमच्या "खोटं सांगून टाकू का" वर येते. उस्मान बिन मजऊन म्हणून एक फार नेक सहाबी (नबींचे सोबती) होते, मदिनेत वारले, ज्यांच्या घरी राहायचे तिथल्या उम्मुल अला मय्यतीजवळ म्हणाल्या, अल्लाहने तुम्हाला इज्जत दिलीय याची मी गवाही देते. साधी, चांगल्या मनाने बोललेली गोष्ट, आपणही बोलू. नबी (स.) तिथे होते, त्यांनी विचारलं, तुला कसं माहीत? मला त्यांच्यासाठी भल्याची उमेद आहे, पण मी अल्लाहचा रसूल (प्रेषित) असून माझं काय होणार हे मलाही माहीत नाही. ही बुखारी या हदीससंग्रहातली आहे. सुन्नी परंपरेत नाव घेऊन जन्नतची खुशखबर मिळालेले म्हणून दहा सहाबींची यादी प्रसिद्ध आहे, अजून काही नावं हदीसमध्ये येतात, पण ती सगळी नबींच्या तोंडून आलेली. बाकी सगळ्यांसाठी उमेद आहे, दुआ आहे. सर्टिफिकेट नाही.

तुमच्या पत्रात दोनच रस्ते दिसतात, एकतर मुलीला घाबरवणारं खरं सांगायचं नाहीतर गोड खोटं बोलायचं. तिसरा रस्ता असा की "मला माहीत नाही, आणि आपाला पण माहीत नाही, आणि त्या बाईंना तर अजिबातच माहीत नाही". हे तुम्हाला पळवाट वाटेल. पण आत्ताच बघितलं ना, नबींनी मय्यतीजवळ हेच उत्तर दिलं.

आता अब्बांचं. मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही, नमाज सोडणं ही दीनमध्ये छोटी गोष्ट नाही, कुरआनमध्येच ७४व्या सूऱ्यात (अध्यायात) जहन्नममधल्या लोकांना विचारलं जातं की तुम्ही इथे कसे आलात, आणि त्यांचं पहिलं उत्तर आहे की आम्ही नमाज पढणाऱ्यांपैकी नव्हतो. (दुसरं उत्तर, आम्ही गरिबाला जेवू घालत नव्हतो. हे दुसरं बयानात, म्हणजे प्रवचनात, जरा कमी येतं हे माझं निरीक्षण.) सुन्नी कायद्याच्या चार मोठ्या इमामांपैकी अहमद बिन हंबल यांचं तर एक मत असं नोंदवलेलं आहे की नमाज सोडणारा इस्लाममधूनच बाहेर जातो. पण अबू हनीफा, मालिक आणि शाफई या बाकी तिघांचं म्हणणं असं की जो नमाजचं फर्ज असणं मानतो पण आळसाने पढत नाही तो मोठा गुनाहगार आहे, तरी मुसलमानच आहे. म्हणजे तुम्ही हनफी असा की शाफई, तुमच्या अब्बांचा जनाजा झाला तो हक्काने झाला. आणि सुन्नी उलेमांचं (धर्मपंडितांचं) सर्वसाधारण म्हणणं हे की ज्याच्या दिलात ईमान (श्रद्धा) आहे, मग ते जवाच्या दाण्याएवढं का असेना, तो शिक्षा झालीच तरी जहन्नममध्ये कायम राहणार नाही. हे दाण्याचं माप हदीसमधलंच आहे, जवाचा दाणा, मग गव्हाचा दाणा, मग कणाएवढं.

आणि मग ते कुत्र्यांचं पाण्याचं भांडं. ते तुम्ही पत्रात असंच ओघात लिहून गेलात, मी वाचता वाचता तिथेच थांबले. बुखारी आणि मुस्लिम दोन्हीकडे आहे, एक बदचलन म्हणून ओळखली जाणारी बाई विहिरीपाशी तहानेने जीभ बाहेर काढून फिरणारा कुत्रा बघते, स्वतःचा चामडी मोजा काढते, ओढणीला बांधून विहिरीत सोडते, पाणी काढून त्याला पाजते, आणि तेवढ्यावर तिला माफी मिळते. उलट एका बाईने मांजर कोंडून उपाशी मारलं, ती त्यापायी जहन्नममध्ये गेली. कुत्रा आणि मांजर! आता मी असं म्हणतच नाहीये की म्हणून तुमचे अब्बा जन्नतमध्येच आहेत, तसं म्हटलं तर मीही त्या बाईंच्याच शेजारी जाऊन बसले. एवढंच की हिशोब त्यांच्या हातात नाही आणि ज्याच्या हातात आहे तो भांड्याचाही हिशोब ठेवतो, ९९व्या सूऱ्यात तेच आहे, कणभर नेकी केली असेल तर ती दिसेल, कणभर बदी केली असेल तर ती दिसेल.

तुम्ही काय करू शकता हेही दीनमध्ये स्पष्ट आहे. माणूस मेला की त्याचे आमाल थांबतात, फक्त तीन गोष्टी चालू राहतात: सदका जारिया (चालू राहणारं दान), लोकांच्या उपयोगाचं इल्म (ज्ञान), आणि दुआ करणारी नेक औलाद. यातल्या तिसऱ्या तुम्ही. साद बिन उबादा यांची आई ते घरी नसताना वारली, त्यांनी येऊन नबींना विचारलं की मी तिच्या वतीने सदका केला तर तिला पोचेल का, उत्तर मिळालं हो, आणि त्यांनी आपली एक बागच देऊन टाकली. तुम्हाला बाग द्यायची गरज नाही. ते भांडं आता कोण भरतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, कोणीच भरत नसेल तर उद्यापासून मुलीला भरू दे, आणि भरताना तिला सांगा की हे नानांच्या नावाने. काही करता येतंय म्हटलं की मुलांची अर्धी भीती तिथेच उतरते, मोठ्यांचीही.

आता तिच्याकडे. पहिली गोष्ट तर तिला आज रात्रीच सांगा, कारण ही तिला कोणी सांगितलेली दिसत नाही. तिच्यावर कलम, म्हणजे कर्मं लिहिणारी लेखणी, चालूच झालेली नाहीये. हदीस आहे की तिघांवरून कलम उचललेली आहे, झोपलेल्यावरून तो उठेपर्यंत, मुलावरून ते बालिग होईपर्यंत (वयात येईपर्यंत), आणि वेड्यावरून त्याला अक्कल येईपर्यंत. म्हणजे आठ वर्षांच्या मुलीचे गुनाह लिहिलेच जात नाहीत आणि ही बिचारी रोज रात्री फरिश्त्यांच्या वाटचं काम स्वतः करत बसलीय. सात वर्षांचं झालं की नमाज शिकवा अशी हदीस आहेच, तुमचे मिस्टर ती पुढे करतील, ती नमाज शिकवायची, सवय लावायची आहे, सापविंचवांची नाही.

ती वही हिसकावून घेऊ नका. तिच्यासोबत बसा आणि तिचं गणित तपासा, कारण ते चुकलंय. मी पैज लावते तिने दोन्ही रकान्यांत एकाला एक असं धरलं असणार. हदीसमधला हिशोब असा: नेकी करायचं नुसतं मनात आणलं आणि झाली नाही, तरी एक नेकी लिहितात. केली तर दहा, तिथपासून सातशेपर्यंत आणि त्याहून जास्त. वाईट करायचं मनात आणलं आणि केलं नाही, तर त्याचीही एक नेकी! आणि केलं, तर एकच. आठ वर्षांच्या मुलीला पाढे येतात, तिला बेरीज करू दे. मग तिला तिरमिजीतली गोष्ट सांगा, एका माणसाच्या गुनाहांच्या ९९ गुंडाळ्या निघतात, एकेक नजर पोचेल तेवढी लांब, आणि तराजूच्या दुसऱ्या पारड्यात एक छोटीशी चिठ्ठी ठेवतात ज्याच्यावर फक्त कलमा (श्रद्धेची कबुली) लिहिलाय, आणि त्या ९९ गुंडाळ्या वर उडतात. मुलांना तराजूच्या गोष्टी फार आवडतात.

फरशीवर चालते त्याला हसू नका, रागावूही नका. हवं तर तुम्हीही चाला तिच्याबरोबर, आणि चालता चालता जन्नतमध्ये सगळ्यात शेवटी पोचणाऱ्या माणसाची गोष्ट सांगा. ही मला सगळ्या हदीसमध्ये सगळ्यात जास्त आवडते. तो माणूस जहन्नममधून कसाबसा बाहेर येतो, दोन पावलं चालतो, अडखळतो, आगीची धग लागते, शेवटी पार होतो. मग त्याला एक झाड दिसतं. म्हणतो या अल्लाह, तेवढं त्या झाडाच्या सावलीत बसू दे, बाकी काही मागणार नाही, वादा. बसतो. मग त्याहून छान झाड दिसतं. परत, एवढंच, आता अजिबात नाही मागणार. मग तिसरं, जन्नतच्या दरवाज्यापाशीच, तिथून आतल्या लोकांचे आवाज ऐकू येतात, आणि हा म्हणतो, आत घे ना. तेव्हा अल्लाह विचारतो की तुझं मागणं थांबवायचं तरी कसं, अख्खी दुनिया आणि वर तेवढीच अजून दिली तर खूश होशील? आणि तो माणूस म्हणतो, तू रब्बुल आलमीन (सगळ्या जगांचा मालक) असून माझी मस्करी करतोस? ही हदीस सांगणारे इब्ने मसऊद इथे पोचले की हसायचे, आणि सांगायचे की नबीही इथेच हसले होते. आता सांगा, जहन्नमच्या धड्यातच ही गोष्ट आहे, मग मुलांपर्यंत विंचूच तेवढे का पोचतात?

झोपवताना ती "नाना कुठे आहेत" विचारेल. लांब भाषण नको. माझे शब्द असे असते, तुम्ही तुमचे वापरा: नाना अल्लाहकडे आहेत. तिथे काय आहे ते आपल्याला दिसत नाही. पण अल्लाहने रहमतचे, म्हणजे दयेचे, शंभर हिस्से केले, त्यातला एकच जमिनीवर पाठवला, आणि त्या एकातून सगळ्या आया आपल्या बाळांवर माया करतात, घोडीसुद्धा शिंगरू पायाखाली येऊ नये म्हणून खूर उचलून धरते, आणि ९९ हिस्से त्याने स्वतःकडे ठेवलेत. चल नानांसाठी दुआ करू. एवढं पुरे. परत विचारलं तर परत हेच. मुलं एकच प्रश्न वीस वेळा विचारतात तेव्हा त्यांना नवीन उत्तर नको असतं, जुनं तसंच आहे ना एवढंच बघायचं असतं.

मैत्रिणीचं प्रकरण. तुम्हाला लाज वाटली ते ठीक, पण मुलीने ते द्वेषाने म्हटलेलं नाही, माझी खात्री आहे की तिला मैत्रीण हरवायची भीती वाटली, नाना गेले तसे. तिला तसं विचारून बघा. आणि इथेही आधी खरं ते सांगते. कुरआनमध्ये दोन्ही तऱ्हेच्या आयती आहेत, २:६२ मध्ये (दुसरा सूरा, ६२वी आयत) यहुदी, ख्रिस्ती, साबी (एक जुना धर्मगट) यांच्यापैकी जे अल्लाहवर आणि आखिरतवर (मरणानंतरच्या जीवनावर) ईमान ठेवतील आणि नेक काम करतील त्यांना भीती नाही असं आहे, आणि ३:८५ मध्ये इस्लामशिवाय दुसरा दीन कबूल होणार नाही असंही आहे, शिर्कबद्दल (अल्लाहसोबत दुसऱ्यालाही ईश्वर मानण्याबद्दल) तर अजून कडक आहे. उलेमा शेकडो वर्षं यावर बोलतायत आणि बहुसंख्य कडक बाजूलाच आहेत. पण त्यांच्यातच इमाम गझालीही आहेत, ११११ साली वारले, कोणी त्यांना पातळ मुसलमान म्हणणार नाही, त्यांनी लिहून ठेवलंय की ज्यांच्यापर्यंत इस्लामचा पैगाम पोचलाच नाही, किंवा पोचला पण बिघडवलेल्या, खोट्या रूपात पोचला, ते माफ आहेत. १७:१५ मध्येही आहे, रसूल पाठवल्याशिवाय आम्ही अजाब देत नाही, आणि त्याच आयतीत, कोणी दुसऱ्याचं ओझं उचलणार नाही. शिवाय ती मैत्रीण आठ वर्षांची आहे हो! बुखारीत नबींच्या एका ख्वाबाची लांब हदीस आहे, त्यात हजरत इब्राहीम बागेत बसलेत आणि त्यांच्याभोवती लहानपणी वारलेली मुलं आहेत. कोणीतरी विचारतं, मुश्रिकांची (शिर्क करणाऱ्यांची) मुलंपण? उत्तर येतं, मुश्रिकांची मुलंपण. यावरून इमाम नववींनी हेच मत बरोबर धरलंय की लहान मुलं कुणाचीही असोत, जन्नतमध्ये.

एवढं सगळं मुलीला सांगायचं नाहीये, हे तुमच्यासाठी. तिला फक्त असं सांगा की कोण कुठे जाणार हे बोलायचं काम आपलं नाही, आणि तुझ्या बोलण्याने तिला रडू आलं तर माफी मागायची. नबींसमोरून एकदा जनाजा चालला होता, ते उभे राहिले, लोक म्हणाले हा यहुद्याचा आहे, ते म्हणाले, मग तो जीव नाही का? ही गोष्ट ८ वर्षांच्या मुलीला पूर्ण समजते. तिला घेऊन मैत्रिणीच्या घरी जा, तुम्ही आईशी बोला, मुली खेळतील. आईला इस्लाम समजावत बसू नका, "तिचे नाना वारलेत, तिच्या मनात मरणाचीच भीती बसलीय, चुकलं तिचं" एवढं बोला. घराघरात मुलांना कढईत तळणारे यमदूत सांगितलेच जातात, त्या आईला ही भीती अनोळखी नसणार.

मकतब बंद करू नका, आधी आपाला भेटा. बऱ्याच आपा स्वतः एकोणीस-वीस वर्षांच्या मुली असतात, जसं शिकल्या तसंच शिकवतात, त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नसतं की वर्गातलं एक मूल रात्री झोपत नाहीये. भांडायला जाऊ नका, नुसतं काय होतंय ते सांगा, फरशीचं सांगा, वहीचं सांगा. आणि विनंती करा की जहन्नमच्या प्रत्येक धड्यासोबत रहमतचा एक धडा द्या. कुरआनच्या ११४ सूऱ्यांपैकी ११३ रहमान आणि रहीम (दयाळू, कृपाळू) या नावांनी सुरू होतात, प्रमाण तेवढं तरी असावं. ऐकलं तर उत्तम. हसून उडवून लावलं, किंवा मुलीलाच वर्गात टोकलं, तर आपा बदला, घरी शिकवा, शिकणं थांबवू नका, कारण थांबवलंत तर तिच्याकडे अर्धवट जहन्नम तेवढं उरेल.

मोबाईलकडेही बघा. पत्रात लिहिलं नाहीत पण मला संशय आहे, कारण इतके साप कोणतीही आपा एकटी शिकवत नाही. कबरीच्या अजाबाचे ॲनिमेशनवाले व्हिडिओ, कबरीतून आलेले आवाज, असलं रात्री अकरा वाजता फॅमिली ग्रुपवर येतं. ते जहन्नमचे आवाज म्हणून एक रेकॉर्डिंग कितीतरी वर्षं फिरतंय, म्हणे रशियात खोल भोक पाडलं तर खालून किंकाळ्या आल्या. खोल बोअर खरी आहे, कोला नावाच्या ठिकाणी, १२,२६२ मीटर. किंकाळ्या खोट्या. गंमत म्हणजे ही गोष्ट आधी ख्रिस्ती लोकांमध्ये फिरली आणि मग आपल्याकडे आली.

मिस्टरांशी बोलताना "तुम्ही चुकताय" ने सुरुवात केलीत तर संपलं. त्यांना एवढंच विचारा की तुम्हाला त्या वयातलं काय आठवतं. माझ्या घरात मी हा प्रश्न विचारला होता, तर एक दाढीवाला, पाच वेळचा नमाजी माणूस दहा मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला की मी चादर चारी बाजूंनी अंगाखाली खोचून झोपायचो, सापाला शिरायला जागा राहू नये म्हणून. खौफ (भीती) हवा हे त्यांचं चूक नाही. पण इब्ने कय्यिम, जे अजिबात नरम गटातले नव्हते, ते म्हणतात की दिल पाखरासारखं आहे, मोहब्बत त्याचं डोकं आणि खौफ आणि उमेद हे दोन पंख. एका पंखाचं पाखरू काय करेल, गोल गोल फिरेल. (याच इब्ने कय्यिमनी जहन्नमची आग कधीतरी संपेल का यावरही लांबलचक लिहिलंय, ११:१०७ मधल्या "तुझा रब चाहेल ते सोडून" या शब्दांवरून. बहुसंख्य उलेमांना ते पटलं नाही, पण प्रश्न विचारायला ते घाबरले नाहीत.) आणि हदीस साधी आहे, आसान करा, मुश्किल करू नका, खुशखबर द्या, पळवून लावू नका.

राहिला तुमचा स्वतःचा डळमळलेला विश्वास, लालूच आणि छडी. हा प्रश्न मुसलमानांनी तुमच्याआधी विचारलाय. बसऱ्याच्या सूफी संत राबिया, ८व्या शतकातल्या, त्यांच्याबद्दल सांगतात की एका हातात पेटती मशाल आणि दुसऱ्या हातात पाण्याचं भांडं घेऊन रस्त्याने चालल्या होत्या, म्हणाल्या जन्नतला आग लावते आणि जहन्नम विझवते, म्हणजे लोक अल्लाहवर अल्लाहसाठी प्रेम करतील. तुमचा आक्षेप त्यांचाही होता, आणि त्या बाहेर नाही गेल्या.

पण मला अजून एक वाटतं. जहन्नमच्या आयती कुणाला उद्देशून आहेत ते एकदा तर्जुमा (अनुवाद) घेऊन स्वतः वाचा. ८३वा सूरा मापात मारणाऱ्यांबद्दल. १०४वा पैसे मोजत बसणाऱ्या, लोकांची खिल्ली उडवणाऱ्यांबद्दल. १०७वा यतीमाला (अनाथाला) धक्के मारणाऱ्यांबद्दल. आणि ८१व्यात कयामतचं वर्णन चाललंय, सूरज गुंडाळला जातोय, तारे विझतायत, आणि मध्येच, जिवंत पुरलेल्या मुलीला विचारलं जाईल की तुला कोणत्या गुनाहासाठी मारलं. मी बाई म्हणून हे वाचते तेव्हा मला छडी दिसत नाही. जिचं कोणी ऐकलं नाही अशी एक मुलगी दिसते, आणि शेवटी तिलाच आधी बोलायला सांगितलंय. जहन्नम ताकदवाल्यांना ऐकवण्यासाठी होतं, आपण ते आठ वर्षांच्या मुलीला ऐकवत बसलोय. तरीही तुमचा विश्वास परत बसेल की नाही ते मी कोण सांगणार, आणि मुलीला उत्तर द्यायला तुमचा विश्वास शंभर टक्के असायलाच हवा असंही नाही. "माझी अम्मी पण विचार करतेय" हे मुलांना चालतं.

एक शेवटचं, लक्ष ठेवा. सहा-आठ आठवड्यांत झोप सुधारली नाही, किंवा ती परत परत वुजू (नमाजआधीचं हातपाय धुणं) करायला लागली, तौबाचे शब्द चुकले म्हणून वीस-वीसदा म्हणायला लागली, शाळेला जायला घाबरली, तर लहान मुलांच्या काउन्सेलरकडे न्या आणि उशीर करू नका. याला आपल्या जुन्या लोकांनी वसवसा म्हटलंय आणि त्यावर इलाज करायला सांगितलंय, तो ईमान कमी असण्याचा पुरावा नाही. ज्या बाकीच्या वाचकांच्या घरी असंच काही चाललंय, मग धर्म कोणताही असो, त्यांनाही हेच.

आणि तुमची ती खोडलेली ओळ. पुढच्या वेळी रात्री जाग आली तर ती दुआ म्हणून बोलून टाका, आहे तशीच, प्रश्नासकट.